निवाऱ्याचे दुसरे दार

शहराची हद्द संपून गोदामे आणि वीटभट्ट्या सुरू होतात तिथे, पत्र्याच्या उंच कुंपणाआड असलेल्या एका प्राणी-निवाऱ्यात मी गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी जाते आणि सांगतील ते काम करते. तिथे नव्याने येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘‘आम्ही यांच्यासाठी काय आणू?’’ प्रश्न मनापासूनचा असतो, विचारणाऱ्याच्या पिशवीत बिस्किटांचे पुडेही आधीच असतात, आणि निवाऱ्यातली मंडळी त्याला कधी तोडून बोलत नाहीत. परंतु या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. निवारा ही काहीतरी नेऊन देण्याची जागा आहे आणि तिथली जनावरे आता तिथेच राहायची आहेत, असे विचारणाऱ्याने मनाशी ठरवलेले असते. मला मात्र अलीकडे असे वाटते, की मदत करायची तर निवाऱ्याच्या दोन्ही दारांकडे पाहावे. एका दाराने जनावर आत येते, दुसऱ्याने ते बाहेर पडते. पहिल्या दारावरची रीघ कमी होईल आणि दुसरे दार वारंवार उघडेल असे जे काही आपण करू, तीच मोठी मदत. बाकीचे सारे मधला मुक्काम सुसह्य करण्यासाठी असते. तेही लागतेच, पण त्यावर भागत नाही.

जनावर कायमचे सांभाळायचे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यामागे मोठे पुण्यकर्मही आहे. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि शहरातील गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. गोऱ्या साहेबाच्या हुकुमाने मरणाऱ्या मुक्या जिवांना आसरा मिळावा हा तिचा हेतू होता; कालांतराने ती मुख्यतः गाईंची झाली. आजही संक्रांतीला आणि अमावास्येला तिथे हिरवा चारा घालायला लोक गर्दी करतात. त्याच शतकात, १८७४ मध्ये, मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एकाच शहरात दोन वेगळ्या वाटा निघाल्या, त्या अशा. पांजरपोळीत आलेले जनावर अखेरच्या श्वासापर्यंत राहणार होते, रुग्णालयात आलेले बरे होऊन घरी जाणार होते.

आजचा कुत्र्यामांजरांचा निवारा स्वभावाने रुग्णालयाच्या जवळचा आहे, पण आपण त्याला दान करतो ते पांजरपोळीच्या रीतीने. वाढदिवस, वडिलांची तिथी, मुलाचा दहावीचा निकाल अशा निमित्तांनी रविवारी सकाळी गाड्या येतात आणि दुपारपर्यंत कुत्र्यांची पोटे नको इतकी भरलेली असतात. मंगळवारी भात शिजवायला गॅस सिलिंडर असेल की नाही, याची विवंचना मात्र तशीच राहते. राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपयांचे अनुदान ठरवले. रस्त्यावरच्या कुत्रीला अशी पदवी मिळण्याची चिन्हे नाहीत. तिचे निवारे लोकांच्या देणग्यांवर आणि क्वचित महापालिकेच्या नसबंदीच्या कामावर चालतात, म्हणून त्या देणग्या कशा येतात याला फार महत्त्व असते.

एखाद्या जखमी कुत्र्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, की त्याच्या शस्त्रक्रियेला लागतील त्याहून जास्त पैसे पाहता पाहता जमतात. ते त्याच्याच नावाने आलेले असतात, त्यामुळे शेजारच्या पिंजऱ्यातल्या, फोटोत न शोभणाऱ्या खरजुल्या कुत्र्यावर खर्च करताना संस्थेला संकोच होतो. औषधांसाठी, खाण्यासाठी द्यायला लोक तयार असतात. पगारासाठी कोणी देत नाही. वास्तविक निवारा चालतो तो माणसांवर. पहाटे पिंजरे धुणारा, चावरे कुत्रे हातात धरणारा, रात्री सलाइन संपेपर्यंत बसून राहणारा माणूस दोन महिने पगाराविना राहिला की तो गोदामात हमाली करायला जातो, आणि त्याच्याबरोबर कोणते कुत्रे कोणत्या हाताला घाबरते हे सगळे ज्ञानही जाते. या कामगारांनी कुत्रे चावण्यापूर्वीच रेबीजची लस घेतलेली असावी लागते. तिचा खर्च कोणाच्याही आवाहनात दिसत नाही. म्हणून माझे मत असे, की वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरलेली लहान रक्कम द्यावी, बँकेला तशी सूचना देऊन ठेवावी, आणि ‘‘तुम्हाला योग्य वाटेल तिथे वापरा, पगारालाही चालेल,’’ असे स्पष्ट लिहून कळवावे. या एका वाक्याची किंमत संस्थेच्या खजिनदाराला विचारावी.

करसवलतीचा विषय थोडक्यात उरकते. ज्याला सगळे ‘८०जी’ म्हणतात ती सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि तिच्यासाठी संस्थेकडून नुसती पावती नव्हे तर विहित नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांनी आणखी एक पाहावे. पासपोर्ट भारतीय असेल तर आपल्या बचतीतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परकीय योगदानाच्या कायद्याखाली येते, मग ते कितीही सदाशिव पेठेतले असोत. तशी नोंदणी नसलेल्या लहान संस्थेला त्यांनी परस्पर पैसे पाठवले तर तिच्यावर बालंट येऊ शकते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून प्राणिकल्याणासाठी खर्च करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या कार्यालयात हा विषय काढायला पैसे पडत नाहीत.

वस्तूंचे तसेच. निवाऱ्याला फिनेलचे डबे पुष्कळ येतात. कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून वापरावे लागते. मांजरांना तर फिनेलमधली द्रव्ये विषारी असतात, त्यामुळे मांजरांच्या खोलीत तो डबा नेतच नाहीत. बिस्किटे आणि पाव यांनी पोट भरते, पोषण होत नाही. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात. त्याऐवजी तांदळाचे पोते द्यावे, किंवा जवळच्या कोंबडीवाल्याशी बोलून मान, पाय, काळीज अशा कमी खपाच्या मालाचा हप्ता ठरवून द्यावा, तो अधिक कामाचा. जुन्या चादरी, टॉवेल, गोणपाट यांना मात्र कधीही नकार नसतो. याचे कारण पाठीचा कणा मोडलेली कुत्री. गाडीखाली सापडून मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला बहुधा लघवीवरही ताबा राहत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा कोणीतरी त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून मूत्राशय हलकेच दाबून रिकामे करते आणि अंथरूण बदलते. ओल्या अंथरुणावर तासभर जास्त पडले तर कातडी सोलवटते, मग जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. आपल्या कपाटातली विटलेली चादर तिथे किती दिवस टिकते हे पाहिले, की पुढच्या वेळी कपाट आवरताना हात आपोआप थबकतो. देण्यापूर्वी एक फोन करून ‘‘सध्या काय हवे आहे?’’ असे विचारावे. उत्तर पुष्कळदा हातमोजे, सुया, कापसाची गुंडाळी असे नीरस असते.

वेळ देणाऱ्यांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे गैरसमजही जास्त आहेत. कुत्र्यांशी खेळायला येणाऱ्यांची वाण नसते. कमी असतात ते हिशेब लिहिणारे, वायरिंग दुरुस्त करणारे, गाडी चालवणारे, सरकारी कार्यालयाला चांगल्या मराठीत अर्ज लिहून त्याचा पाठपुरावा करणारे. आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी येतात, त्यांना कुत्र्यांची भीती वाटते. ते कार्यालयाच्या खोलीचे दार लावून घेतात, औषधांच्या साठ्याची वही तपासतात, कोणत्या बाटलीची मुदत कधी संपते ते लाल शाईने लिहितात आणि चहा पिऊन जातात. त्यांनी आजवर एकाही कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला नाही. तरी औषधे वाया जाण्याचे थांबले ते त्यांच्यामुळे. ज्यांच्या घरी लस पूर्ण न झालेले पिल्लू आहे त्यांनी मात्र निवाऱ्यातून परतल्यावर कपडे बदलावेत, चपला बाहेर ठेवाव्यात आणि हात धुऊनच त्याला जवळ घ्यावे.

आता दुसऱ्या दाराकडे येते, जे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. निवाऱ्यात जागा मर्यादित असते. एक जनावर बाहेर गेले तरच दुसरे आत घेता येते. तरीही बरे झालेली, शहाणीसुरती कुत्री वर्षानुवर्षे आत राहतात, कारण मागणी असते ती पिल्लांना, त्यातही गोऱ्यागोमट्या. काळे कुत्रे, मोठी मादी, तीन पायांचे, एका डोळ्याचे, यांच्याकडे लोक कौतुकाने पाहतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतात.

अशीच एक काळी कुत्री आमच्याकडे होती, पुढचा एक पाय काढून टाकलेली, चार-पाच वर्षांची. पिंजऱ्यात ती भिंतीकडे तोंड करून बसे, त्यामुळे बघणाऱ्याला ती तुसडी वाटे. एका स्वयंसेविकेने तिला दोन आठवड्यांसाठी स्वतःच्या फ्लॅटमध्ये नेले, आणि जी माहिती आम्हाला पिंजऱ्याबाहेर उभे राहून कधीही मिळाली नसती ती मिळाली : लिफ्टमध्ये ती निमूट उभी राहते, रात्री भुंकत नाही, लहान मुलांपासून स्वतःहून बाजूला होते, कुकरच्या शिट्टीला मात्र घाबरून पलंगाखाली जाते. हे सगळे, शिट्टीसकट, तिच्या फोटोखाली लिहिले. महिन्याभरात एक वृद्ध जोडपे आले. त्यातल्या आजी म्हणाल्या, ‘‘ताई, आम्हाला पिल्लू नको, या वयात त्याच्यामागे धावणे होत नाही. ती कुकरला घाबरणारी आहे ना, ती दाखवा.’’ आजोबांनी विचारले, ‘‘आणि आम्हाला काही झाले तर?’’ त्यावर संस्थेने त्यांच्या पुण्यातल्या भाचीशी फोनवर बोलून, तिची तयारी लेखी घेऊन, मगच कुत्री दिली. आजी आता वरणभाताचा कुकर लावण्यापूर्वी तिला बाल्कनीत नेतात, असे कळते.

यात दत्तक घेणाऱ्या जोडप्याइतकेच श्रेय तिला तात्पुरते घरी नेणाऱ्या मुलीचे आहे. ज्यांना कायमचे जनावर पाळता येत नाही, बदलीची नोकरी आहे, घर भाड्याचे आहे, त्यांना हा मार्ग मोकळा असतो. पिल्लांच्या बाबतीत तर त्यावर जीव अवलंबून असतो. आईवेगळी मांजराची पिल्ले तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत त्यांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, खास पिल्लांसाठीचे दूध पाजावे लागते. त्यांना अंगातली ऊब टिकवता येत नाही, म्हणून फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवावी लागते. आणि आई जिभेने चाटून करते ते काम, म्हणजे त्यांना शी-शू करवण्याचे, आपल्याला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करावे लागते. रात्रपाळीला एकच माणूस असलेल्या निवाऱ्यात हे होणे कठीण असते. शिवाय तिथे पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग कुठून ना कुठून येतच असतात. लस न झालेल्या पिल्लाला पहिले काही आठवडे एखाद्याच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात काढायला मिळाले, तर ते जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

दत्तक देताना संस्था घर पाहायला येते, घरमालकाची संमती विचारते, नसबंदीची अट घालते. यावर लोक नाराज होतात. ‘‘आम्ही पुण्य करायला आलो आणि हे आमचीच चौकशी करतात,’’ असे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. पण परत आलेले कुत्रे पहिल्यापेक्षा अवघड असते, आणि गॅलरीत बांधून ठेवलेले कुत्रे कोणाच्याच पुण्यात जमा होत नाही. गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. सोसायटीच्या बैठकीत शांतपणे त्या सूचना वाचून दाखवणारा सभासद हाही निवाऱ्याचा कार्यकर्ताच असतो, मग तो तिथे कधी न का जाईना.

पहिल्या दाराशी जे येते त्यातले बरेचसे यायची गरज नव्हती, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पावसाळ्यातल्या जखमांचेच पाहा. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, एका दिवसात त्यांतून अळ्या निघतात आणि मांस खात खात आत शिरतात. ‘किडे पडलेले कुत्रे’ म्हणून फोन येतो तोवर कानामागच्या लहानशा जखमेची जागा खोल खड्ड्याने घेतलेली असते. मग एकाने धरायचे, तोंडाला पट्टी बांधायची, भोवतीचे केस कापायचे, औषध मारायचे आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने जखमेचा तळ हलू लागतो. अळ्या श्वासासाठी वर येतात, पांढऱ्या, टोकदार, आणि चिमट्याने त्या एकेक उचलून ताटलीत टाकायच्या. वास असा असतो की तो घरी आल्यावरही नाकातून जात नाही. सगळ्या निघाल्या असे वाटते तोवर दुसऱ्या दिवशी आणखी खालून येतात. पुढे कित्येक दिवस धुणे, भरणे, पट्टी, आणि तेवढे दिवस एक पिंजरा अडकतो. हीच जखम लहान असताना गल्लीतल्या कोणी औषधाच्या दुकानातून जखमेवरचा माशा न बसू देणारा स्प्रे आणून मारला असता, तर ते कुत्रे आपल्या गल्लीतच बरे झाले असते. रोज रात्री कुत्र्यांना खाऊ घालणारी पुष्कळ माणसे आहेत. त्यांच्या पिशवीत तो एक स्प्रे असला, तरी पावसाळ्यात निवाऱ्याचे कितीतरी पिंजरे मोकळे राहतील.

फोन करणाऱ्यांविषयीही एक गाऱ्हाणे आहे. रस्त्यात जखमी जनावर दिसले की आपण संस्थेला फोन करतो, ठिकाण सांगतो आणि कर्तव्य पार पडले म्हणून कामावर जातो. दीड तासाने रुग्णवाहिका वाहतूक कोंडीतून तिथे पोचते तेव्हा जनावर कुठेतरी गाडीखाली, गटारात, झुडपात सरपटत गेलेले असते. चालक आजूबाजूच्या टपऱ्यांवर विचारतो, हाका मारतो, आणि रिकामा परततो. त्या वेळात दुसरे एखादे वाचले असते. म्हणून फोन केला तर थांबावे. थांबणे शक्यच नसेल तर पानवाल्याला, वॉचमनला सांगून त्याचा नंबर द्यावा. स्वतः उचलायचे झाले तर चादर झोळीसारखी धरून उचलावे, कारण वेदनेत असलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते. चावलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी जावे. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही.

वन्यजीवांबाबत तर न आणणे हीच पुष्कळदा मदत असते. जुन्नर भागात ऊसतोडणीच्या हंगामात बिबट्याचे बछडे शेतात सापडतात. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली मंडळी त्यांना तपासतात आणि शक्य तिथे सापडल्या जागीच अंधार पडल्यावर पुन्हा ठेवतात. आई येते आणि एकेकाला तोंडात धरून नेते. बछड्याला घरी नेऊन दूध पाजणाऱ्याच्या हातून मात्र तो आयुष्यभर पिंजऱ्यात जाण्याची सोय होते. घारीचे, घुबडाचे, पोपटाचे पिल्लू सापडले तर आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावे. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी येतात. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी गल्लीतल्या दुकानात तो मागितला की मिळतो. त्या दुकानदाराशी ओळखीतून बोलणे हे शेजाऱ्यालाच जमते, संस्थेला नाही.

आणि नसबंदी. कुत्रीचा गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा असतो, वर्षात तिला दोनदा पिल्ले होऊ शकतात. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. इतक्यांसाठी निवारे बांधणे कोणालाही शक्य नाही, म्हणूनच २००१ पासूनचे आणि आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम पकडा, नसबंदी करा, लस द्या, ओळखीसाठी कानाला खाच करा आणि त्याच जागी सोडा, असे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले, २२ ऑगस्टला ते बदलून रेबीज झालेली आणि आक्रमक वगळता बाकीची परत सोडण्यास मुभा दिली, आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतली कुत्री मात्र परत न सोडण्यास बजावले. या आदेशांविषयी मते काहीही असोत, आधीच भरलेल्या निवाऱ्यांवरचा भार त्यांनी वाढणार आहे, हे हिशेबाने दिसते. आपल्या आवारातली कुत्री कोणती, त्यांतली नसबंदी कोणाची झाली नाही, ती कुठे झोपतात आणि कोणाच्या हाकेला येतात, ही माहिती तिथल्या रहिवाशांनाच असते; पकडणारी गाडी येईल त्या सकाळी ती माहिती असलेला माणूस हजर राहिला तर जे काम होते, ते नुसत्या जाळीने होत नाही. गोव्यात ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांत मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये तो प्रदेश रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. लस टोचलेले कुत्रे पुन्हा आपल्याच दारात बसले, निवाऱ्यात गेले नाही.

पहिल्या दाराशी येणारा आणखी एक प्रकार म्हणजे पाळून सोडून दिलेली जनावरे. थंड मुलखातले हस्की आपल्या उन्हाळ्यात धापा टाकत येतात, म्हातारे लॅब्रॅडॉर फाटकाला बांधून मालक निघून जातात. जनावर असे टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे फार तर दोन-तीन वडापावांची किंमत. कायद्याकडून फार आशा नाही. मात्र एखादा नातेवाईक ‘‘मुलांसाठी भारी जातीचे पिल्लू घेतोय,’’ असे म्हणाला, तर त्या क्षणी त्याला विचारता येते की दिवाळीच्या सुट्टीत ते कुठे राहणार, बदली झाली तर काय, आणि म्हातारपणी त्याला उचलून जिन्याने कोण नेणार. असा प्रश्न विचारल्याने नात्यात थोडा दुरावा येतो, तो सोसावा.

कोणत्या संस्थेला मदत करावी, हे ठरवताना मी तिथली कुत्री किती गोड आहेत ते पाहत नाही. वही मागते. या महिन्यात किती आली, किती गेली, किती मेली आणि कशाने, हे लिहिलेले असेल, तर तिथे कोणीतरी विचार करते आहे असे समजावे. नव्याने आलेल्यांसाठी वेगळी खोली आहे का, डॉक्टर कोणत्या वारी येतात, नसबंदी करत असतील तर जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता आहे का, हेही विचारावे. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. काही माणसे कोणालाच नाही म्हणू शकत नाहीत, आणि एका खोलीत वीस मांजरे, मग चाळीस, असे करता करता सगळीच आजारी पडतात. त्यांच्या मनाविषयी शंका नसते, पण अशा ठिकाणी पैसे देण्याऐवजी तिथली दहा मांजरे दुसरीकडे नेण्यासाठी मदत करावी.

म्हणून एखाद्या निवाऱ्याने ‘‘जागा नाही,’’ असे सांगितले तर त्याच्यावर निर्दयतेचा आरोप करू नये. ज्याला नाही म्हणता येते, त्याच निवाऱ्यात आतल्यांची नीट काळजी होत असते. आमच्याकडे फाटकाशी खोके घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला व्यवस्थापक ताई आधी सावलीत बसवतात, पाणी देतात, पिल्ले तपासतात. मग विचारतात, ‘‘दादा, तुमच्याकडे जिन्याखाली, गच्चीवर, गॅरेजमध्ये, कुठे पाच आठवडे जागा निघेल का? जंताचे औषध, लस, खाणे आमच्याकडून. फोटो आम्ही काढतो, घरे आम्ही शोधतो, फोन आमच्या नंबरवर येतील.’’ पुष्कळजण तिथेच चिडतात आणि खोके ठेवून जाण्याची धमकी देतात. काहीजण बायकोला फोन लावतात, बराच वेळ बाजूला जाऊन बोलतात, आणि परत येऊन विचारतात की लशीला पुन्हा आणायचे ते कोणत्या वारी.